घोटा वारंवार मुरगळणाऱ्यांची तोलचाचणी: वाय किट घ्यावं, की फरशीवर टेप मारावी?

वाय बॅलन्स टेस्टच्या किटमध्ये वस्तू मोजक्याच असतात. पाय ठेवायला एक बुटका चौथरा, त्यात खोचायच्या तीन नळ्या आणि प्रत्येक नळीवर सरकणारा एक ठोकळा. नळ्यांवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा. पेशंटने चौथऱ्यावर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाने ठोकळा जमेल तितका लांब सरकवायचा आणि तोल न जाऊ देता पाय परत आणायचा. ठोकळा थांबला तिथला आकडा वाचायचा. आयात केलेल्या किटची किंमत ऐकली की तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवणारा फिजिओ दोनदा विचार करतो, आणि तो विचार रास्त आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कबड्डीचा किंवा खो-खोचा अख्खा संघ एका सकाळी तपासायचा असेल, मोजणारी माणसं बदलत असतील, तर किट घ्या. आठवड्याला चार-सहा पेशंटचे घोटे पाहायचे असतील तर मास्किंग टेप, एक चांगला फोम पॅड, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि शिंप्याची मोजपट्टी एवढ्यावर काम भागतं. आणि किट घेतलंत तरी फोम आणि स्टॉपवॉच लागणारच, कारण एकट्या वाय टेस्टवर घोट्याचा निकाल लावता येत नाही.

आधी पेशंट नीट निवडा

तोलचाचणी रोगनिदान करत नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) एकदा ताणलं किंवा फाटलं, सूज उतरली, माणूस कामाला लागला, पण पुढे खडबडीत रस्त्यावर, जिन्यात, मैदानात घोटा पुन्हा पुन्हा दगा देत राहिला, तर त्याला जुनाट अस्थिरता म्हणतात. १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये मायकेल फ्रीमन यांनी याचं एक कारण मांडलं. लिगामेंटबरोबर सांध्यातली, पाय कसा आणि कुठे आहे हे मेंदूला कळवणारी संवेदना बिघडते आणि स्नायू वेळेवर सावरत नाहीत. नंतर या विचारात बरीच भर पडली. सांध्याची सैलता, अडकलेली हालचाल, कमजोर स्नायू, मनातली धास्ती, सगळं आत आलं. पण तोल तपासण्यामागची मूळ कल्पना तीच राहिली.

इंटरनॅशनल अँकल कन्सॉर्शियम या घोट्याच्या संशोधकांच्या गटाने संशोधनासाठी घालून दिलेले निकष क्लिनिकमध्येही कामाला येतात. पहिली मोठी मुरगळ निदान १२ महिन्यांपूर्वीची, तिने सूज आणि वेदना आणून किमान एक दिवस तरी खेळ किंवा काम बंद पाडलेलं, शेवटची मुरगळ ३ महिन्यांहून जुनी आणि गेल्या ६ महिन्यांत घोटा किमान दोनदा अचानक वळलेला. जोडीला कंबरलँड प्रश्नावली, म्हणजे घोटा किती अस्थिर वाटतो हे पेशंटलाच विचारणारी. तिच्यात ९ प्रश्न असतात, दोन्ही पायांचे गुण वेगळे, कमाल ३०. २४ किंवा त्याखाली गुण आले तर अस्थिरता धरतात. प्रश्न वाचून दाखवताना ‘पाय वळतो ना?’ असं सुचवू नका. जिना उतरताना काय होतं ते त्यालाच सांगू द्या.

ही पायरी गाळली की पुढचे सगळे आकडे फसवे होतात. मधुमेहाने तळवे बधिर झालेले काका, चक्कर येणाऱ्या काकू, कानाचा त्रास असलेला मुलगा, हे सगळे तोलचाचणीत नापास होतील आणि त्यांच्या घोट्याला काहीही झालेलं नसेल. उलट अंगी, मुरगळ होऊन वर्ष उलटलं तरी एकदाही त्रास न झालेले लोकही भेटतात. त्यांना या क्षेत्रात इंग्रजीत ‘कोपर’ (coper, निभावून नेणारे) म्हणतात. तुलनेला खरं तर हेच सर्वांत उपयोगी, पण क्लिनिकमध्ये ते येतात कशाला?

किटची मूळ चाचणी: जमिनीवरचा तारा

वाय किट आलं ते स्टार एक्सकर्शन टेस्टमधून. त्या चाचणीत जमिनीवर ४५-४५ अंशांवर आठ रेघा असायच्या. आठही दिशा बहुतेक एकच गोष्ट सांगतात हे लक्षात आल्यावर तीन उरल्या: पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर. पुढच्या रेघेपासून मागच्या दोन्ही रेघा १३५ अंशांवर आणि त्या दोघींमध्ये काटकोन.

दिशांची नावं उभ्या पायावरून ठरतात आणि इथे नवखे हमखास गोंधळतात. उजव्या पायावर उभं असताना डावा पाय मागे आपल्याच बाजूला गेला तर ती मागे-आत दिशा. तोच पाय उजव्या पायाच्या पाठीमागून कैचीसारखा पलीकडे गेला तर मागे-बाहेर. तक्त्यावर हे उलटं लिहिलं गेलं की सगळी नोंद वाया. जुनाट अस्थिरतेत मागे-आत ही दिशा सर्वांत बोलकी मानली जाते, त्यामुळे चूक झाली तर नेमकी तिथेच नको.

रेघा आखायला कोनमापक शोधत बसू नका. चौकोनी फरशी असेल तर चार फरश्या जिथे मिळतात तो कोपरा घ्या. तिथून निघणाऱ्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन सांध्यांवर टेप मारली की मागच्या दोन रेघा तयार. तिसरी रेघ समोरच्या फरशीच्या कर्णावर. कोन आपोआप १३५ येतो. दोन फुटी फरशीचा कर्ण साधारण ८५ सेंमी भरतो, तोही आखणी बरोबर झाल्याचा पडताळा. टेप मळली की बदला, पण जागा तीच ठेवा. घडीची लाकडी फळी किंवा मॅट चालणार नाही, पायाखाली लवचीक काही नको.

आता पाय कुठे ठेवायचा? कोणी तळव्याचा मध्य रेघांच्या चौकावर ठेवतं, कोणी पुढच्या दिशेसाठी अंगठ्याचं टोक आणि मागच्या दोन दिशांसाठी टाच चौकावर ठेवतं. किटमध्ये मात्र तिन्ही दिशांना अंगठा लाल रेघेमागेच. पद्धत बदलली की अंतर कित्येक सेंटिमीटरने बदलतं. कोणतीही एक धरा, तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी आपले आकडे ताडण्यापूर्वी त्याची पद्धत विचारा.

मोजताना

अनवाणी. हात कमरेवर. पहिल्यांदा बऱ्या पायावर, म्हणजे पेशंट शिकतो आणि धास्ती कमी होते. प्रत्येक दिशेला निदान ४ सराव, मग ३ मोजणी. वाय किटच्या मूळ पद्धतीत ६ सराव सांगितले आहेत. सराव गाळला तर माणूस चाचणीतच शिकत जातो आणि तिसरा आकडा पहिल्यापेक्षा फुगतो, तोलाशी त्याचा संबंध नसतो. तीन मोजण्यांतला आकडा अजूनही चढताच असेल तर आणखी एक-दोन घ्या, तो स्थिर होऊ द्या.

टेपवर पायाचं बोट जमिनीला फक्त टेकवायचं, भार द्यायचा नाही. हे ओळखणं अवघड आहे आणि टेपची खरी कमजोरी इथेच. बोट टेकलं कुठे ते पाहायला वाकायचं, भार पडला का तेही पाहायचं, उभ्या पायाची टाच उचलली का तेही पाहायचं, तीन गोष्टी एकाच क्षणी. म्हणून एकाने टेकलेली जागा खडूने खुणावायची आणि दुसऱ्याने उभा पाय पाहायचा. एकटे असाल तर मोबाइल घोट्याच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. किटमध्ये ठोकळा जिथे थांबला तिथेच राहतो, आकडा शांतपणे वाचता येतो. किटचे पैसे वसूल होतात ते या एका गोष्टीत.

पण ठोकळ्याचंही तंत्र आहे. पेशंट शेवटच्या क्षणी त्याला लाथ मारून पुढे पाठवतो, किंवा त्यावर पाय टेकवून श्वास घेतो. दोन्ही मोजण्या बाद. पाय परत आणताना मधेच जमिनीला लागला तरी बाद. टाच उचलण्याबाबत वेगवेगळे नियम दिसतात. आम्ही घोट्यासाठी टाच टेकलेलीच ठेवायला सांगतो, नाहीतर घोट्याची अडलेली हालचाल लपून जाते. स्थानिक कारागिराकडून पीव्हीसी नळ्यांचं किट बनवून घेणारेही बरेच. चालतं, फक्त ठोकळ्याचं भोक फार घट्ट नको, फार सैलही नको. घट्ट असेल तर पेशंट ढकलताना त्याचाच आधार घेतो, सैल असेल तर बोट सुटल्यावरही ठोकळा घसरत राहतो. नळीवर धूळ आणि घाम बसला की घर्षण बदलतं, संघ तपासताना अधूनमधून पुसून घ्या.

पायाची लांबी मोजल्याशिवाय सेंटिमीटरला अर्थ नाही. पेशंटला पाठीवर झोपवून कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून आतल्या घोट्याच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजा. उदाहरण घेऊ. लांबी ८८ सेंमी. मागे-आत दिशेला आकडे आले ७६, ७९, ७८. सरासरी ७७.७, म्हणजे लांबीच्या ८८ टक्के. दुसऱ्या पायावर सरासरी ८४.५, म्हणजे ९६ टक्के. सरासरी घ्यायची की सर्वांत मोठा आकडा, हेही आधी ठरवा. वाय किटचा एकत्रित गुण काढताना तिन्ही दिशांच्या अंतरांची बेरीज लांबीच्या तिपटीने भागून १०० ने गुणतात. जुनाट अस्थिरतेसाठी आम्हाला तो एकत्रित गुण फारसा आवडत नाही. तीन दिशांची तीन वेगळी कारणं तो एका आकड्यात कालवून टाकतो.

पुढच्या दिशेचा चकवा

पुढची दिशा कमी भरली की लोक लगेच ‘तोल कमी’ असं लिहितात. थांबा. पुढे पाय नेताना उभ्या पायाचा गुडघा बोटांच्या पुढे जावा लागतो आणि त्यासाठी घोटा वर दुमडावा लागतो. मुरगळीनंतर नेमकी हीच हालचाल अडते. निरोगी लोकांवरच्या एका अभ्यासात पुढच्या दिशेच्या अंतरातला जवळपास २८ टक्के फरक एकट्या या हालचालीने समजावता आला होता. म्हणून वाय टेस्टच्या आधी भिंतीची चाचणी करा. पाय भिंतीकडे, टाच जमिनीला, गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाय मागे मागे नेत टाच न उचलता जास्तीत जास्त किती अंतर जमतं ते अंगठ्यापासून मोजायचं. दर सेंटिमीटरला साधारण ३.६ अंश. दोन पायांत २ सेंमीहून जास्त फरक असेल आणि पुढची दिशाही कमी असेल, तर पेशंटला तोलाच्या व्यायामाआधी सांधा मोकळा करण्याची गरज आहे.

आणखी एक आकडा सर्रास चुकीचा वापरला जातो, ४ सेंमीचा. २००६ मध्ये फिलिप प्लिस्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हायस्कूलच्या बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास केला. पुढच्या दिशेत दोन पायांत ४ सेंमीहून जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट दिसली. तो आकडा दुखापतीच्या भाकिताचा, कुठल्याही पायाच्या दुखापतीचा, आणि किट येण्यापूर्वीच्या स्टार टेस्टवरचा. घोटा अस्थिर आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. शिवाय पुढच्या दिशेला टेपवर किटपेक्षा जास्त अंतर भरतं, तेव्हा एकाचे आकडे दुसऱ्याच्या तक्त्यात घालू नयेत.

फोम, स्टॉपवॉच आणि डोळे मिटणं

आमच्या मते या सगळ्यात पैशाला सर्वाधिक मोल देणारी चाचणी फुकटची आहे: पाय उचलण्याची मोजणी. अनवाणी, टणक जमिनीवर, एका पायावर, डोळे मिटून ३० सेकंद. उभ्या पायाचा कुठलाही भाग जमिनीवरून सुटला की एक. अंगठ्याचं मूळ किंचित उचललं, बोटं वर आली, टाच हलली, प्रत्येकाचा एक. दुसरा पाय टेकला तर एक, आणि टेकलेलाच राहिला तर प्रत्येक सेकंदाला आणखी एक. मोजणाऱ्याने खुर्चीवर नाही, जमिनीवर बसायचं, डोळे घोट्याच्या पातळीला. वरून पाहणाऱ्याला अंगठ्याच्या मुळाची उचल दिसतच नाही, आणि अस्थिर घोट्यात पहिल्यांदा तीच सुटते.

डोळे मिटायला सांगण्याचं कारण साधं. जुनाट अस्थिरतेचे लोक तोल सांभाळायला नजरेवर जास्त विसंबतात. डोळे उघडे असले की त्यांचं नीट चालतं आणि तपासणारा फसतो.

बेस (BESS) ही तोल सांभाळतानाच्या चुका मोजणारी चाचणी. तिच्यात सहा स्थिती: दोन पाय जोडून, एक पाय, टाचेला बोटं लावून एकामागे एक, या तिन्ही आधी जमिनीवर आणि मग फोमवर. प्रत्येकी २० सेकंद, डोळे मिटलेले, हात कमरेवर. हात सुटणं, डोळे उघडणं, पाऊल टाकणं, कंबरेतून ३० अंशांहून जास्त झुकणं, टाच किंवा पुढचा पाय उचलणं, ५ सेकंदांहून जास्त काळ स्थितीबाहेर राहणं, या चुका. एकदम दोन झाल्या तर एकच मोजायची, एका स्थितीत कमाल १०. डोक्याच्या दुखापतीसाठी ही चाचणी करतात तेव्हा एका पायावरची स्थिती कमी वापरातल्या पायावर घेतात. घोट्यासाठी अर्थातच दुखऱ्या पायावर घ्या.

फोमवर कंजुषी नको. एअरेक्स कंपनीचा पॅड साधारण ५० बाय ४१ सेंमी आणि ६ सेंमी जाड असतो, आणि अभ्यासांतले बहुतेक आकडे तसल्याच पॅडवरचे. गादीवाल्याकडून कापून आणलेला फोम स्वस्त पडतो, पण ८०-९० किलोचा माणूस उभा राहिला की तो तळाला टेकतो, मग पेशंट प्रत्यक्षात फरशीवरच उभा असतो. उलट व्यायामाच्या सामानाबरोबर मिळणारे काही पॅड इतके कडक की तोल जातच नाही. दाबून पाहा: अंगठ्याने जोर दिल्यावर खोल जायला हवा आणि सोडल्यावर लगेच वर यायला हवा. मधोमध कायमचा खड्डा पडला की बदला. पॅड बदलला त्या दिवशी जुन्या आकड्यांशी तुलना संपली, तशी नोंद करा.

२०१४ च्या एका अभ्यासात अस्थिर आणि निरोगी घोटे वेगळे काढायला जे उंबरठे सुचवले गेले ते साधारण असे: पाय उचलण्याच्या चाचणीत ५ किंवा जास्त, बेसमध्ये एकूण १४ किंवा जास्त चुका, डोळे मिटून एका पायावर उभं राहण्याचा वेळ २६ सेकंदांच्या आत, मागे-आत दिशेला लांबीच्या ९१ टक्के किंवा कमी. अभ्यास लहान होता, दोन्ही गटांत प्रत्येकी १७ जण. तेव्हा ही लक्ष्मणरेषा समजू नका. एखादा आकडा रेषेच्या पलीकडे गेला म्हणून काही ठरत नाही. दोन-तीन चाचण्या एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर मात्र दखल घ्या.

महागडी यंत्रं

फोर्स प्लेट, म्हणजे पायाचा दाब मोजणारी पाटी, हे प्रयोगशाळेचं काम. ती दाबाचा मध्य कसा फिरतो ते टिपते. नुसतं डोलणं मोजलं तर जुनाट अस्थिरता अनेकदा निसटते. तो मध्य तळव्याच्या काठापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल हे काढलं तर फरक जास्त स्पष्ट दिसतो. संशोधन करणार असाल तर घ्या. डळमळत्या चकतीचं बायोडेक्स यंत्र मोठ्या रुग्णालयांत दिसतं. चकती २० अंशांपर्यंत कलते आणि एकूण, पुढे-मागे आणि बाजूचा असे तीन निर्देशांक छापून येतात. कागद रंगीत असतो, पेशंटवर छाप पडते. पाऊल चकतीवर नेमकं कुठे ठेवलं होतं हे मागच्या वेळी नोंदवलं नसेल तर दोन कागदांची तुलना निरर्थक. कमरेला मोबाइल बांधून डोलणं मोजणारी ॲप्स घोट्यासाठी आम्ही सुचवणार नाही. कंबर स्थिर आणि तळवा थरथरतोय, हे त्यांना कळणार नाही.

शेवटी उडी

उभं राहून केलेल्या सगळ्या चाचण्या पास आणि तरी मैदानात पाय वळतो, अशा खेळाडूसाठी बाजूची उडी ठेवा. जमिनीवर ३० सेंमी अंतरावर दोन टेपा, एका पायावर बाजूला आणि परत, असं १० वेळा, जमेल तितकं भराभर, वेळ मोजायची. वर सांगितलेल्या २०१४ च्या अभ्यासात उंबरठा १३ सेकंदांच्या आसपास. कबड्डीतल्या चढाईत आणि खो-खोच्या पाठलागात घोट्यावर ताण येतो तो याच दिशेने. वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे उडी संपताच विचारायचं, ‘पाय सुटेल असं वाटलं का?’ चपळ खेळाडू वेळेत पास होतो आणि उत्तर ‘हो’ देतो. त्याचं ‘हो’ लिहून ठेवा. ही चाचणी सर्वांत शेवटी घ्या, सूज किंवा वेदना असेल तर घेऊच नका. दमट फरशीवर, विशेषतः पावसाळ्यात, बूट घालून घ्या आणि तसं तक्त्यावर लिहा.

पेशंटला साधारण महिन्याने पुन्हा तपासताना स्टार टेस्टमध्ये ७-८ टक्क्यांच्या आतला बदल सुधारणा म्हणून लिहू नका, मोजणीचीच तेवढी चूक असते. बेसमध्येही तसंच. एकच माणूस मोजत असेल तर सुमारे ७ गुणांचा आणि माणूस बदलला तर ९-१० गुणांचा फरक व्हावा लागतो. शक्यतो तोच माणूस, तोच पॅड, तीच फरशी. आणि दुसरा पाय ‘चांगला’ आहे असं गृहीत धरू नका, आधी त्याचेही कंबरलँड गुण पाहा. दोन्ही घोटे मुरगळलेले खेळाडू आपल्याकडे काही कमी नाहीत, आणि अशा खेळाडूचे दोन्ही पाय सारखेच वाईट निघाले तर डाव्या-उजव्यातला फरक शून्य दिसतो.